नवव्या आळींतला उ

वर्णमालेंतील ‘उ’ हा स्वर तसा निरुपद्रवी. माहेश्वर सूत्रांत तो तिसरा, बाळबोध वर्णमालेंत पांचवा आणि ओंकारांत मधला. अशा ह्या सोज्ज्वळ अक्षरास इ. स. २०१२ पासून २०१८ पर्यंत, म्हणजे जवळजवळ सहा वर्षें, संगणकाच्या एका मोठ्या राज्यांत विनाकारण ताटकळत बसावें लागलें, आणि ही गोष्ट आपल्यापैकीं बहुतेकांच्या कानांवरहि आली नाहीं. ह्या महिन्यांत तिचीच हकीकत सांगण्याचें आम्हीं योजिलें आहे. विषय यंत्राचा आहे एवढें पाहून घरांतील वडील मंडळींनीं पान उलटूं नये. ह्यांत जें गणित आहे तें पाढ्यांपलीकडचें नाहीं, आणि जें व्याकरण आहे तें बिगारी यत्तेंतलें आहे.

लेखी मजकुरांत एखादें अक्षर किंवा शब्द शोधणें हें संगणकाचें नित्यकर्म होय. बँकेंतला कारकून खातेदाराचें नांव शोधतो, कोशकार शब्द शोधतो, घरांतील मुलें हातांतल्या यंत्रावर मामाचा पत्ता शोधतात. आंत सर्वत्र एकच क्रिया चाललेली असते. लांबलचक अक्षरमाळेंत लहान अक्षरमाळ कोठें सांपडते तें पाहावयाचें. हें काम प्रत्येक प्रोग्राम लिहिणारानें आपापलें नव्यानें रचावयाचें नसतें. एकत्र कुटुंबांत दर सुनेचा पाटा-वरवंटा निराळा नसतो, त्याप्रमाणें प्रत्येक संगणकभाषेबरोबर तयार हत्यारांचें एक सामायिक कोठार मिळतें आणि त्यांतलें शोधाचें हत्यार सर्वच उचलतात. सोय मोठी खरी; परंतु पाट्यास टांकी नीट बसली नसेल तर तो दोष एकीच्या चटणींत न राहतां घरच्या साऱ्या वाटणांत उतरतो.

पायथन नांवाची एक संगणकभाषा आहे. शाळांपासून वेधशाळांपर्यंत तिचा वापर चालतो. आमचा एक पुतण्या पुण्यास ह्याच व्यवसायांत आहे, आणि दिवाळीस घरीं आला कीं ओटीवर बसून आमच्या शंकांचें निरसन करितो. खालील हकीकतींतील यंत्राचा भाग त्यानें समजाविला. उपमा आमच्या आहेत, आणि त्या कोठें लंगड्या वाटल्या तर तो त्याचा दोष समजूं नये.

संगणकास अक्षर दिसत नाहीं, आंकडा दिसतो. जगांतील लिप्यांच्या अक्षरांस क्रमांक देण्याची जी सर्वमान्य योजना आहे तिला युनिकोड म्हणतात. आपल्या देशांत १९८८ सालीं भारतीय लिप्यांकरितां ‘इस्की’ नांवाचें एक कोष्टक ठरलें होतें. १९९१ सालीं युनिकोडची पहिली आवृत्ति निघाली तेव्हां देवनागरीची मांडणी त्याच कोष्टकाच्या धर्तीवर करण्यांत आली. हे क्रमांक दोन भाग करून वाचले म्हणजे सोपे जातात. आम्हां अष्टागरांतल्या लोकांस आळ्यांची संवय आहे. तेव्हां असें समजावें कीं प्रत्येक अक्षराच्या दारावर दोन आंकडे रंगविलेले आहेत, एक आळीचा व दुसरा त्या आळींतल्या घराचा. एका आळींत घरें २५६, शून्यापासून २५५ पर्यंत. इंग्रजी अक्षरें शून्य क्रमांकाच्या आळींत राहतात. रशियन, युक्रेनी इत्यादि भाषांचें बिऱ्हाड चवथ्या आळींत आहे. आपली देवनागरी नवव्या आळींत. तीहि अर्धीच आळी, कारण पलीकडच्या अर्ध्या भागांत बंगाली शेजारी नांदतात.

आतां नवव्या आळींत शिरूं. आरंभीं चंद्रबिंदु, अनुस्वार आणि विसर्ग हे अनुक्रमें १, २ व ३ ह्या घरांत बसले आहेत. पुढें अ ५ मध्यें, आ ६ मध्यें, इ ७ मध्यें, ई ८ मध्यें आणि उ ९ मध्यें. क चें घर २१, ह चें ५७. तात्पर्य, उ हा नवव्या आळींतील नवव्या घराचा धनी आहे. दोन्ही आंकडे सारखेच असणारें असें घर आळींत एकच असतें, आणि सर्व अनर्थ ह्या सारखेपणांतून उद्भवला.

२०१२ च्या सप्टेंबरांत पायथनची ३.३ ही आवृत्ति प्रसिद्ध झाली. तींत मजकूर सांठविण्याची रीत बदलली. सर्व अक्षरें शून्य आळींतलींच असतील तर आळीचा आंकडा लिहावयाचाच नाहीं. दर अक्षरास एक खण पुरे. ह्या खणास बाइट म्हणतात. परंतु मजकुरांत एक जरी अक्षर दुसऱ्या आळीचें आलें तर साऱ्या मजकुरास दर अक्षरीं दोन-दोन खण द्यावयाचे. (एका थोर पाहुण्यासाठीं पंक्तींतल्या सर्वांचींच पानें मोठीं मांडावयाचीं, असा हा शिष्टाचार आहे, आमच्या घरांतील स्त्रीवर्गास तो अपव्यय वाटला, आम्हांस आवडला.) नेहमींच्या यंत्रांत आधीं घराचा आंकडा आणि त्याच्या शेजारीं आळीचा आंकडा असा क्रम असतो. आमच्या जिल्ह्यांतील ‘उरण’ हें गांवाचें नांव घ्या. तें संगणकाच्या स्मरणांत ९, ९, ४८, ९, ३५, ९ असें बसतें. शब्दांमधील मोकळी जागा सोडली तर मराठीचा कोणताहि उतारा असाच दिसणार: एक बदलता आंकडा आणि त्याच्या जोडीला अढळ नऊ.

आतां शोधाची युक्ति पाहूं. मजकुरांतील एकेक अक्षर उचलून ‘हेंच का तें’ असें विचारीत जाणें ही सरळ रीत. ती बिनचूक आहे, पण संथ. संगणकापाशीं दुसरा एक हरकारा असतो. त्याला अक्षरें समजत नाहींत, फक्त खणांतला एक आंकडा समजतो. परंतु त्याचा वेग विलक्षण. आजकालच्या यंत्रांवर तो सोळा किंवा बत्तीस खण एका दमांत नजरेखालून घालतो. पायथनच्या कारागिरांनीं असें ठरविलें कीं एकटें अक्षर शोधावयाचें असेल तेव्हां ह्या हरकाऱ्यास पुढें पाठवावें. त्याला आळी सांगावयाची नाहीं, केवळ घराचा आंकडा सांगावयाचा. तो जेथें थांबेल तेथें धन्यानें जाऊन आळी पडताळावी. जुळली तर काम झालें, न जुळली तर हरकाऱ्यास पुढील दारापासून पुन्हां सोडावें. मराठी ग्रंथांत क शोधावयाचा आहे. हरकाऱ्यास ‘एकवीस’ एवढेंच सांगितलें. मराठी मजकुरांत एकवीस हा आंकडा क खेरीज जवळजवळ कोठेंच येत नाहीं, त्यामुळें तो वाऱ्यासारखा धांवत जाऊन नेमका क च्या दारांत उभा राहतो. युक्ति उत्तम होती ह्यांत शंका नाहीं. जुन्या सरळ रीतीपेक्षां बहुतेक अक्षरें पुष्कळ लवकर सांपडूं लागलीं.

पण उ शोधावयाचा असला म्हणजे काय होई? हरकाऱ्यास आज्ञा मिळे, ‘नऊ शोध.’ आणि नऊ तर प्रत्येक दारावर! घराचा नव्हे, आळीचा. परंतु त्या बिचाऱ्यास हा भेद कोठून कळावा? पहिल्याच दारांत तो थबके, धन्यास हांक मारी. धनी येऊन पाही तों तेथें प. पुन्हां सोडावें; दुसऱ्या दारांत पुन्हां थांबे; तेथें ग. ज्याची सारी पुण्याई लांब धांवण्यांत, त्याला दर पावलीं दरवाजा ठोठावण्यास लावलें तर तो साध्या पायीं चालणारापेक्षांहि मागें पडतो. झालेंहि तसेंच. सुधारणेपूर्वीं उ हा इतर अक्षरांच्या बरोबरीनें सांपडत असे. सुधारणेनंतर इतर पुढें गेले आणि उ होता त्याहूनहि मागें गेला.

शाळेंतील अनुभवामुळें आम्हांस ह्याची गंमत वाटते. नुकतीं अक्षरें शिकलेलीं मुलें उ आणि ड ह्यांत घोटाळतात, कारण दोहोंची आकृति सारखी. यंत्रास आकृति नाहींच, त्यामुळें ड नें त्याला कधींहि फसविलें नाहीं. त्याला फसविलें तें साऱ्या आळीनें मिळून. आणखी एक भेद येथें सांगून ठेवतों. ‘कु’ मधील उकार हें यंत्राच्या लेखीं निराळें चिन्ह आहे. त्याचें घर ६५. त्यास ह्या प्रकरणीं कांहीं उपसर्ग पोंचला नाहीं. अडचण झाली ती स्वतंत्र, पूर्ण लिहिलेल्या उ ची.

कोणी म्हणेल, एका अक्षराचें एवढें काय? परंतु उ हें अडगळींतलें अक्षर नव्हे. संस्कृतांतील बावीस उपसर्गांपैकीं उत् आणि उप हे दोन त्याच्यापासूनच सुरू होतात, आणि त्यांच्या पोटीं उदय, उत्सव, उत्तर, उपवास, उपकार, उपनिषद् हा सारा परिवार आहे. मराठीचे स्वतःचे उंबरठा, उखळ, उटणें, उसनवार हे निराळेच. आमच्या किनाऱ्यापुरतें पाहिलें तरी उरण आहे, अलिबाग तालुक्यांत उसर आहे, धरणाकरितां माहीत असलेलें उमटे आहे. अकारादि सूची तयार करणारास प्रत्येक आद्याक्षर हुडकावें लागतें. त्यानें क, ग, म झरझर उरकावे आणि उ पाशीं येतांच यंत्रानें मान टाकावी, असा हा प्रकार.

ह्यांत सर्वांत लक्षांत घेण्याजोगी गोष्ट पुढेंच आहे. युक्ति रचणारांच्या मनांत हा धोका मुळींच आला नव्हता असें नाहीं. घराचा आंकडा शून्य असेल तर हरकाऱ्यास पाठवूं नये, अशी अट त्यांनीं मूळ रचनेंतच घातली होती, आणि तिचें कारणहि शेजारीं लिहून ठेविलें होतें: शून्य जागोजाग भेटेल व खोट्या थांब्यांची गर्दी होईल. बरोबर, पण शून्याची गर्दी होते ती इंग्रजीच्या आळींत. आपल्या अंगणांतला खड्डा त्यांनीं पाहिला व बुजविला. तसलाच खड्डा चवथ्या आळींत चारवर आणि नवव्या आळींत नऊवर असणार, हें त्यांच्या ध्यानांत आलें नाहीं. ह्यांत द्वेष किंवा तुच्छता होती असें आम्ही म्हणत नाहीं. मनुष्य आपल्या परीक्षेचे प्रश्न आपल्या ओळखीच्या पुस्तकांतूनच काढतो. आम्हीं पुष्कळ वर्षें परीक्षांचे कागद काढले आहेत, त्यामुळें ह्या खोडीची आम्हांस चांगली ओळख आहे.

तो खड्डा उघडकीस आला तो चवथ्या आळींत. युक्रेनी भाषेंत ‘ये’ असा उच्चार असलेलें एक अक्षर आहे. त्याचें मोठें, म्हणजे वाक्यारंभीं व विशेषनामांत येणारें रूप चवथ्या आळींतल्या चवथ्या घरांत आहे. त्याच आळींत राहणाऱ्या रशियन भाषेंत हें अक्षर नाहीं. तेव्हां रशियन लिहिणारानें आयुष्यभर शोध घेतला असता तरी त्यास हें विघ्न भेटलें नसतें. युक्रेनी लिहिणारास मात्र युरोपचें नांव लिहितांच तें भेटावें, कारण त्या भाषेंत युरोप शब्दाचें पहिलें अक्षर तेंच. २०१५ सालीं पायथनच्या दोषवहींत २४८२१ ह्या क्रमांकाखालीं ही तक्रार नोंदली गेली. सुधारणेमुळेंच पिछेहाट होऊं शकते, अशा अर्थाचा तिचा मथळा होता. दुरुस्ती केली ती सेर्ही स्तोर्चाका ह्या युक्रेनी गृहस्थांनीं. २०१७ च्या मार्चांत ती मूळ संहितेंत दाखल झाली आणि २०१८ च्या जूनमध्यें ३.७ ह्या आवृत्तीबरोबर सर्वांच्या हातीं पडली. त्या आवृत्तीच्या परिचयपत्रांत असें नमूद आहे कीं कांहीं दुर्दैवी अक्षरांचा शोध इतर अक्षरांच्या मानानें २५ पटींपर्यंत मंद होत होता, तो आतां फार तर तिप्पट मंद राहील. उदाहरणादाखल तेंच युक्रेनी अक्षर दिलें आहे. आपल्या उ चें नांव त्या पत्रांत नाहीं; परंतु रोग एकच, औषध एकच, त्यामुळें गुण त्यालाहि आला.

औषधाची योजना आम्हांस फार समंजस वाटली. हरकाऱ्यास कामावरून काढलें नाहीं. तसें केलें असतें तर क, ग, म ह्यांचें नुकसान झालें असतें. त्याऐवजीं असें ठरलें कीं, तो लांबवर धांवून मग एखाद्या खोट्या दारांत थांबला तर हरकत नाहीं, पुन्हां सोडावा. पण दोन पावलांवरच फसला, तर येथें गर्दी आहे असें समजून पुढील कांहीं दारें, सामान्यतः पंधरा, धन्यानें स्वतः पायीं चालून पाहावींत आणि मग पुन्हां हरकाऱ्यास संधि द्यावी. म्हणजे फसगत झालीच तर दर दारीं न होतां सोळा दारांमागें एकदां होते. जुनी संथ रीत आणि नवी चपळ रीत ह्यांना एका घरांत नांदविण्याचा हा प्रकार आहे.

ह्याच ओघांत एक उपकथा. नऊ हा आंकडा शून्य आळींतहि एका घरावर आहे. तेथें ‘टॅब’ नांवाची अदृश्य खूण राहते. तक्त्यांतील एका रकान्यापासून दुसरा वेगळा ठेवण्यासाठीं ती घालतात. मराठी नांवांच्या लांब यादींत ही खूण हुडकणारासहि उ शोधणाराइतकाच त्रास होणार हें उघड आहे. गुजरातीचें बिऱ्हाड दहाव्या आळींत आहे, आणि ओळ संपल्याची खूण शून्य आळींत दहा क्रमांकावर. तेव्हां गुजराती ग्रंथांत ओळ कोठें संपते एवढें विचारणेंहि त्या काळांत महाग पडत असलें पाहिजे.

आमच्या एका स्नेह्यांनीं हें सारें ऐकून विचारलें, ‘अहो, पापणी लवण्याच्या शतांशाऐवजीं पापणी लवण्याइतका वेळ लागला, तर बिघडलें काय?’ एका शोधापुरतें कांहींच बिघडत नाहीं. पण हत्यार सामायिक कोठारांतलें आहे. ज्या कामांत असे शोध लाखोंनीं घ्यावयाचे, तें एका मिनिटाचें काम २५ मिनिटांवर जाऊं शकतें. आणि त्याहून वाईट गोष्ट अशी कीं, हा दोष बोलत नाहीं. उत्तर चुकलें असतें तर पहिल्याच आठवड्यांत बोभाटा झाला असता. येथें उत्तर दर वेळीं बरोबर. उ जेथें आहे तेथेंच सांपडे, फक्त उशीरां. ज्याचें काम रेंगाळलें त्यानें यंत्र जुनें झालें म्हटलें असेल, वीज कमी म्हटलें असेल, नाहीं तर स्वतःच्या लेखनास बोल लाविला असेल. वर्गाची सरासरी उत्तम असतां एखादा मुलगा मागें पडत असला, तर तो सरासरींत कधींच दिसत नाहीं; त्याची वही उघडून पाहावी लागते. येथें ती वही ज्याच्या भाषेचें तें अक्षर, त्यानें उघडली. आपल्या भाषेंत रोज एवढें लेखन संगणकावर होत असतां नवव्या घराची तक्रार नवव्या आळींतून आली असती तर आम्हांस अधिक समाधान वाटलें असतें, हें लपविण्यांत अर्थ नाहीं.

एकट्या अक्षराची गोष्ट येथें संपली. शब्दांच्या आणि वाक्यांच्या शोधांतहि पुढें असाच एक पेंच निघाला. त्याचें स्वरूप लिखित जपाच्या वहीवरून चांगलें समजतें. शंभर पानें ‘रामरामराम’ असें सलग लिहिलेलें आहे. त्यांत पंचवीस वेळां राम, मध्यें एकदां कृष्ण आणि पुन्हां पंचवीस वेळां राम, एवढा मजकूर कोठें आहे तें शोधावयाचें. पहिल्या रामापासून ताडून पाहूं लागावें, पंचवीस राम जुळावेत, मग कृष्णापाशीं अडावें. मागें यावें, एक राम सोडून पुन्हां आरंभ करावा, पुन्हां पंचवीस जुळावेत, पुन्हां अडावें. एका वाचनांत होणारें काम पंचवीस वाचनांइतकें वाढतें, आणि शोधावयाचा मजकूर जितका लांब तितकी ही पट वाढत जाते. पायथनच्या दोषवहींत २०२० सालीं अशाच तऱ्हेनें न संपणाऱ्या एका शोधाची तक्रार आली. तिजवरील उपाय फ्रान्समधील क्रोशमोर व पेरँ ह्या दोघांनीं १९९१ सालींच प्रसिद्ध केला होता. शोधावयाच्या मजकुराचे योग्य जागीं दोन भाग पाडावयाचे, आधीं उजवा भाग ताडावयाचा व तो जुळल्यावर डावा. ती जागा नीट निवडली म्हणजे वाचलेलें पुन्हां पुन्हां वाचावें लागत नाहीं. २०२१ च्या ३.१० आवृत्तींत डेनिस स्वीनी ह्यांनीं ही रीत पायथनमध्यें आणली.

पण येथेंहि ती सरसकट लागू केली नाहीं, हें पाहून आम्हांस बरें वाटलें. मजकुराचे भाग पाडण्याची पूर्वतयारी करण्यांतच कांहीं वेळ मोडतो. ग्रंथ मोठा आणि शोधावयाचा मजकूर लांब असेल तरच ती तयारी परवडते. एरवीं जुनी रीतच चालू ठेविली आहे. ‘उरण’ तीन अक्षरांचा. त्याच्यासाठीं अजूनहि जुन्याच रीतीनें शोध चालतो.